माझ्या अंगावरची तिची शाल

आयुष्यात माझा एकदाच सत्कार झाला, आणि त्या दिवशी मला बेकार होऊन चार दिवस झाले होते.

गावातल्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं, शहरापासून तासाभराच्या अंतरावर. मांडवाच्या मागच्या बाजूला फ्लेक्स. त्यावर माझा मोठा फोटो, डोक्यावर एक विमान आणि विमानामागं एक उंच लोखंडी मनोरा. आम्ही निघालो होतो त्या देशात तो मनोरा नाहीच, पण फ्लेक्सवाल्याला परदेश म्हटल्यावर तोच सापडला असणार. खाली लिहिलं होतं की गावच्या सुपुत्राची जर्मनी येथे उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

निवड माझ्या बायकोची झाली होती.

ती डाव्या हाताला, सतरंजीवर, बायकांमध्ये बसली होती. सात वर्षांची आमची मुलगी तिच्या मांडीवर पेंगत होती. फ्लेक्सवर बायकोचा फोटो नव्हता. निवृत्त झालेल्या गुरुजींनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर बायकांनी तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड; लांबच्या प्रवासाला निघालेल्या सुनेची भरतात तशी. म्हणजे नारळ दोघांनाही मिळाला. मला नोकरीचा, आणि जिची नोकरी होती तिला नवऱ्यामागं निघालेलीचा.

गुरुजींनी माईक माझ्या हातात दिला. अजून वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हे सगळं तुमच्या आशीर्वादानं," आणि खाली बसलो. बायकोनं मान वर करून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पदरातला नारळ नीट करत राहिली.

आमच्यात एक रीत होती. गावात ती मला 'अहो' म्हणायची, घरी 'तू'. परतताना गाडीत आम्ही तिघंच, मुलगी मागं झोपलेली. वाळूजच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"शाल छान आहे, अहो. तिकडं थंडी असते म्हणे."

बाकी काही नाही. तो 'अहो' मला घरापर्यंत पुरला.

आता हे कसं झालं ते सांगतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्या सालचे; त्या पिढीचं वय आमच्याकडं असंच सांगतात. घरचं बरं होतं, ऊस, कापूस, विहिरीला पाणी. पण अण्णांना तरुणपणी साखर कारखान्यात चिकटायचं होतं, आणि थोरल्या चुलत्यांनी शेताला माणूस कमी पडेल म्हणून जाऊ दिलं नाही. त्यामुळं नोकरी या गोष्टीला अण्णांच्या मनात देवघरातल्या टाकाएवढी जागा होती. मी पॉलिटेक्निक करून वाळूजला कारखान्यात लागलो त्या दिवशी अण्णांनी गावात पेढे वाटले होते.

बायको शेंद्र्याला दुसऱ्या कारखान्यात, क्वालिटीला. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते. ती शिकली, इन्स्पेक्टर म्हणून लागली, आणि बारा वर्षांत अशा ठिकाणी पोचली की तिच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नसे. तिच्या कंपनीनं तिला जर्मनीतल्या मूळ कारखान्यात चार वर्षांसाठी बोलावलं. नवरा आणि मूल सोबत नेता येणार होतं.

मी अण्णांना फोन केला. जर्मनीला जायचं ठरतंय म्हणालो. अण्णांनी विचारलं, "कंपनी धाडती व्हय?" मी हो म्हणालो. "तुझी?" मी त्यालाही हो म्हणालो. दुसरा हो तोंडातून कसा गेला हे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावून सांगत होतो. रेंज नव्हती, घाई होती, नंतर सांगू म्हटलं. यातलं काही खरं नाही. अण्णांच्या आवाजात जो आनंद होता तो मला हवा होता. बस.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आठवड्यात मांडव ठरला.

आता त्याखालची गोष्ट. शालीची गोष्ट पुढं मी गावाला सांगून टाकली, तिचं ओझं गेलं. ही मात्र कमी लोकांना माहीत आहे.

मी टूलरूममध्ये अठरा वर्षं काढली. पत्र्याचे भाग ज्या साच्यातून दाबून निघतात त्या डाय आम्ही बनवायचो आणि दुरुस्त करायचो. वरून दाबणारा पंच आणि खालची डाय यांच्यातली फट केसाइतकी जरी चुकली तरी भागाच्या कडेला धारदार किनार राहते, हात कापतो. मला ती फट बोटानं कळायची. खोटी नम्रता करत नाही, मी चांगला कारागीर होतो. ज्यांनी मला हे शिकवलं ते शहागंजचे एक उस्ताद, आमचे सगळ्यात जुने फिटर, तेही म्हणायचे की याच्या बोटाला डोळे आहेत. ते शेवटपर्यंत मला साब म्हणत आणि मी त्यांना चाचा.

शेवटच्या वर्षी मला इन्चार्ज केलं. अभिनंदन झालं, केबिन मिळाली, आणि त्या दिवसापासून डायला हात लावायचं बंद झालं. डाय अडकली की ती उघडायची चाचांनी, आणि ती का अडकली याचं उत्तर चार ठिकाणी इंग्रजीत लिहायचं मी. सकाळी कंपनीची बस गेटाशी वळली की पोटात मुरडा यायचा. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी. मला माहीत होतं ती ॲसिडिटी नाही. मला तिथं जायचंच नव्हतं. पण गंगापूर तालुक्यातून आलेल्या, कायम झालेल्या, केबिन मिळालेल्या माणसानं नोकरी नको वाटते असं म्हणायचं कोणाजवळ? आमच्याकडं नोकरी जाते, सुटते, कोणी काढून टाकतं. नकोशी होत नाही.

आणि अशात तिच्या निवडीचं पत्र आलं.

तिनं ते पत्र माझ्यासमोर ठेवलं, आणि मी वाचायच्या आधीच बोलायला लागली. "मी नाही म्हणून कळवते. तुझी अठरा वर्षं आहेत. आत्ता कुठं इन्चार्ज झालास." मी थोडा वेळ गप्प राहिलो. तो गप्पपणा मी मुद्दाम लांबवला. मग जड आवाजात म्हणालो, "तू जा. मी सोडतो नोकरी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पोटातला मुरडा त्याच मिनिटाला गेला. तो परत कधी आला नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. सुटकेला मी त्याग म्हणून दाखवलं, आणि तिनं ते खरं मानलं. शाल तर गावानं घातली होती, न मागता. हा त्याग मी स्वतः विणून स्वतःच्या अंगावर घेतला.

खरं फक्त चाचांना कळलं, आणि तेही मी न सांगता. निरोपाच्या दिवशी त्यांनी घरून नान आणि मटणाचा खलिया आणला होता. टूलरूमच्या मागच्या शेडमध्ये आम्ही सगळे जेवलो. कोणीतरी हळहळलं की साहेबांनी बायकोसाठी केवढी मोठी नोकरी सोडली. चाचा नान मोडता मोडता म्हणाले, "भाभी को नौकरी लगी, साब को छुट्टी लगी. दोनो खुश. तुम कायकू रोते जी?" सगळे हसले. मीही हसलो, पण त्यांच्याकडं बघू शकलो नाही. निघताना त्यांनी मला त्यांची एक बारीक कानस दिली. हात विसरू नको म्हणाले.

जर्मनीतलं ते गाव लहान होतं. कारखाना, चर्च, दोन दुकानं आणि एक नदी, आमच्या गोदावरीपुढं जिला ओढा म्हणावं एवढी. बायको सकाळी साडेसहाला बाहेर पडायची. मुलीला शाळेत सोडायचं, आणायचं, बाजार, स्वयंपाक, कपडे, इस्त्री, मुलीचा अभ्यास, आणि त्यासाठी आधी मला ती भाषा शिकणं, हे सगळं माझं. ती शाल मी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली होती. घडी करून टाकली की तिच्यावर शर्टाच्या कॉलर छान बसतात. तिच्या एका कोपऱ्याला माझ्या हातून भाजल्याचा डाग पडला.

आता लोक विचारतात, कंटाळा आला असेल ना? तिथं माणूस काय करणार दिवसभर? त्यांना हवं असलेलं उत्तर मला ठाऊक आहे. खिडकीत बसून बर्फाकडं बघायचो, अठरा वर्षांचा अनुभव वाया चालला म्हणून जीव तुटायचा, असं काहीतरी. नाही तुटला. मी सुखात होतो. मुलीला पोहता येतं ते मी रोज तिच्याबरोबर तलावावर गेलो म्हणून. ती माझ्या पाठीवर दप्तर टाकून पुढं पळायची आणि वाटेत दिवसभराचं सगळं सांगायची. टूलरूममध्ये असतो तर हे मला रविवारी दुपारी झोपेत ऐकू आलं असतं. पहिल्या वर्षी वरण जमलं, दुसऱ्या वर्षी पुरणपोळीसुद्धा. मी हे सुख कोणाकडूनही उसनं आणलेलं नाही आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

जुने मित्र फोनवर विचारायचे, तिकडं काही काम का बघत नाहीस. मी सांगायचो, व्हिसात परवानगी नसते. हेही खोटं. आमच्या रहिवासाच्या कार्डावर स्पष्ट छापलं होतं की काम करता येईल. बायकोला ते माहीत होतं. तिला मी सांगायचो की शोधतोय, भाषेमुळं अडतंय. चार वर्षांत मी एकही अर्ज केला नाही. आणि ती बिचारी दर दोन-तीन महिन्यांनी, जेवताना, खालच्या आवाजात म्हणायची, "माझ्यामुळं तुझं सगळं थांबलं." मी म्हणायचो, जाऊ दे गं. किती मोठ्या मनाचा माणूस!

रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल असायचा. त्या अर्ध्या तासासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून पुस्तकांच्या कपाटासमोर बसायचो. खाली अर्धी चड्डी. अण्णा मारुतीच्या पारावर बसून फोन लावायचे, म्हणजे चार लोकांना दिसावं. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, हाताखाली किती माणसं आहेत. टूलरूममध्ये माझ्याकडं चौदा होती. परदेशात जास्त असायला हवीत म्हणून मी चाळीस म्हणालो. अण्णांनी फोन फिरवून पारावरच्या मंडळींना सांगितलं, "चाळीस. सगळे गोरे." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं चहाचा कप माझ्या बाजूला, कॅमेऱ्यात तिचा हात येणार नाही अशा बेतानं ठेवला आणि आत गेली.

मग तो मंगळवार. सकाळची वेळ, मुलगी शाळेत, बायको कामावर. त्या दिवशी मी भाकरी थापत होतो. ज्वारीचं पीठ आमच्या शहरातून येणाऱ्या एकांबरोबर मागवलं होतं, दहा दिवस रोज भाकरी करायची आणि हात बसवायचाच असं ठरवलं होतं. डायच्या वेळी पत्र्याची जाडी बघायचो तशी भाकरीची जाडी बोटानं बघत होतो. जाडी जमायची, कडा फुटायच्या. फोन वाजला. मुलीच्या शाळेचा असेल म्हणून पिठाच्या बोटानं तसाच उचलला, तर समोर अण्णा. मंगळवारी, आणि पारावर नव्हे, घरात. त्यांना कुठल्या तरी सात-बाराच्या कागदाचं विचारायचं होतं.

माझ्या कमरेला फडकं, हात कोपरापर्यंत पांढरे, मागं तवा. अण्णांनी डोळे बारीक करून बघितलं.

"भाकर थापतोस व्हय?"

"हो."

"कडा फुटत्यात?"

"फुटतात."

"पानी कडक घे. उकळी फुटलेलं. अन् पीठ तळहातानं रगड, बोटानं नाय."

मग त्यांनी सात-बाराचं विचारलं आणि फोन ठेवला. कडक पाणी घेतल्यावर कडा फुटल्या नाहीत. अण्णांना हे कसं ठाऊक, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पुढच्या रविवारी अण्णा पारावर होते, मी इस्त्रीच्या शर्टात होतो, आणि पारावर नवा कोणी आलेला होता म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, "हाताखाली किती मान्सं म्हनलास?" मी म्हणालो, चाळीस.

दुसऱ्या वर्षी आम्ही सुट्टीवर आलो तेव्हा बायको गावाकडं आली नाही. शहरात, सिडकोतल्या आमच्या घरी थांबली. मी मुलीला घेऊन एकटा गेलो. तिनं भांडण केलं नाही, इतकंच म्हणाली, "ज्या दिवशी तू त्यांना सांगशील त्या दिवशी मी येईन. त्याआधी मला तिथं सतरंजीवर बसायचं नाही." गावात बायका म्हणाल्या, फॉरेनची हवा लागली हिला, सासर नकोसं झालं. माझ्या मोठ्या बहिणीनं मला तोंडावर विचारलं, नवऱ्याच्या जिवावर विमानात बसली आणि एवढी घमेंड? मी म्हणालो, तिला बरं नाही.

त्या एका वाक्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. शालीपेक्षा. शालीच्या वेळी मी तिचं श्रेय घेतलं होतं. इथं मी तिला वाईट ठरू दिलं.

चार वर्षांनी, हिवाळ्यात, आम्ही परत आलो. बायको शेंद्र्यात आधीपेक्षा वरच्या जागेवर रुजू झाली. जानेवारीच्या सुरुवातीला गुरुजींचा फोन आला. या वर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाचे पाहुणे तुम्हीच, पोरापोरींना परदेशातल्या नोकरीबद्दल मार्गदर्शन करा. मी हो म्हणालो. फोन ठेवला तर बायको समोर बसलेली. ती म्हणाली, "परत शाल?"

मी तिला म्हणालो की या वेळी सांगणार आहे. आणि ते सांगायच्या आधी तुला एक सांगायचं आहे. मग मी सगळं सांगितलं. पोटातला मुरडा, लांबवलेला गप्पपणा, न केलेले अर्ज. तिच्यामुळं काहीही थांबलं नव्हतं. मला थांबायचंच होतं आणि तिच्या पत्रानं मला दार उघडून दिलं.

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. ती उठून गॅलरीत गेली, वाळत घातलेले कपडे काढले, आत आणून पलंगावर टाकले आणि मग बोलली.

"चार वर्षं मी तुझ्यासमोर दबून वागले. प्रमोशन मिळालं त्या दिवशी घरी येऊन मी आधी तुझा चेहरा बघितला, सांगू का नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सांगितलं. शाल राहू दे, ती गावाची अक्कल होती. हे तू माझ्याशी केलंस."

मी म्हणालो, हो.

"बरं वाटत होतं ना तुला घरी?"

"लई."

"मग तसं म्हणायचं होतंस. मलाही बरं वाटलं असतं की."

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी स्वयंपाक करत राहिलो, ती जेवत राहिली. हे लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, लिही, पण स्वतःला फार वाईट दाखवू नकोस, त्यातही तू मोठेपणा घेशील. शक्य तेवढं टाळलं आहे.

सव्वीस जानेवारीला मी एकटाच गावी गेलो. झेंडावंदन झालं, कवायत झाली. अण्णा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, नवा फेटा बांधून. गुरुजी शाल उलगडायला लागले तेव्हा मी त्यांना म्हणालो, आधी बोलतो, मग ठरवा. त्यांना ते पाहुण्याचं विनयाचं बोलणं वाटलं.

मी भाषण लिहून नेलं होतं, पण खिशातून काढलं नाही. म्हणालो की चार वर्षांपूर्वी याच जागी तुम्ही माझा सत्कार केलात, तो चुकीच्या माणसाचा केलात, आणि चूक तुमची नाही, मी खोटं बोललो होतो. "जर्मनीची नोकरी माझ्या बायकोची. मी माझ्या नोकरीचा राजीनामा देऊन तिच्याबरोबर गेलो. मला कोणी काढलं नव्हतं. चार वर्षं मी घर सांभाळलं, स्वयंपाक केला, मुलीला वाढवलं. आत्ताही तेच करतो. ती इथं येत नाही ती घमेंडीनं नाही, माझ्या खोटेपणामुळं."

मग मागच्या बाजूनं, शेजारच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा असलेला माझ्या वयाचा एक जण, आम्ही एकाच वर्गात होतो, मोठ्यानं म्हणाला, "म्हंजी बायकोच्या जिवावर?"

लोक हसले. चार वर्षं मी ज्या हसण्याला भीत होतो ते हेच. ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की एवढंच आहे ते.

"व्हय," मी म्हणालो. "बायकोच्या जिवावर. तुझ्या घरी भाकर कोण थापतं?"

"बायको."

"सरपण, पाणी, म्हशीची धार?"

त्याच्या बाजूचा दुसराच म्हणाला, "त्याची बायकोच. ह्यो नुस्ता डेरीत घालतो." आता हसणं तिकडं वळलं. सतरंजीवर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि माझी बहीण मात्र हसत नव्हती, खाली बघत होती.

मी मुलामुलींना सांगितलं की परदेशातल्या नोकरीबद्दल ऐकायचं असेल तर पुढच्या वर्षी माझ्या बायकोला बोलवा, मला त्यातलं काही माहीत नाही. भाकरीबद्दल विचारायचं असेल तर मला विचारा. आणि खाली उतरलो. गुरुजी शाल हातात धरून उभेच होते. ती कोणाला घालावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तिची नीट घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत परत घातली.

अण्णा माझ्याबरोबर घरी आले. ओट्यावर बसून फेटा सोडला, मांडीवर ठेवला.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "पिठाचा हात हापिसातला नसतो."

"मग पारावर चाळीस माणसं कशाला सांगत होतात?"

"तू सांगत व्हतास म्हनून." त्यांचा आवाज चढला. "मी बी थापल्यात भाकरी. तुझी माय बाळंतीन व्हती तवा, दोन्ही टायमाला. पर दार लावून. तुला दार लावता आलं नाय?"

म्हणजे कडक पाणी तिथून आलं होतं. माझ्या वडिलांनी माझ्या जन्माच्या वेळी, आतून कडी लावून, भाकरी थापल्या होत्या, आणि ते सत्तर वर्षांचे होईपर्यंत या गावात कोणाला कळू दिलं नव्हतं.

मी म्हणालो, "अण्णा, दार लावूनच बसलो होतो चार वर्षं. आता नाही लावणार."

ते माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मी रोज फोन करायचो, आई उचलायची, म्हणायची, हायेत इथंच, मान हलवत्यात. मी माफी मागितली नाही. खोट्याची मागितली होती, सगळ्यांदेखत. खऱ्याची कशाला मागू?

बायकोनं शब्द दिला होता, तो तिनं पाळला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, चला. गाडी तिनंच चालवली. मी शेजारी, मुलगी मागं. गावात शिरताना पारावरची मंडळी वळून बघत होती, गाडी कोण चालवतंय ते.

अण्णा ओट्यावर होते. ती पाया पडली. त्यांनी तोंड भरून काही म्हटलं नाही, माझ्याकडं तर बघितलंही नाही. तिला समोरच्या खुर्चीवर बस म्हणाले. ती घराण्याच्या रिवाजानं उभीच राहिली, तर पुन्हा म्हणाले, "बस गं." ती बसली. आईनं पाणी आणलं. अण्णांनी थोडा वेळ काठीचं टोक जमिनीवर फिरवलं.

"तिकडं तुझ्या हाताखाली किती मान्सं व्हती?"

"अकरा, अण्णा."

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"ह्यो चाळीस म्हनला व्हता."

"ते जास्त सांगतात," ती म्हणाली.

अण्णा उठले. पायात वहाणा घातल्या, काठी घेतली आणि पाराकडं निघाले. जाताना फाटकाशी थांबून मला म्हणाले, "सुनेला जेवू घाल. तुझ्या हातची भाकर बघू दे तुझ्या मायला." मी आत जाऊन पाणी कडक ठेवलं. घराचा दरवाजा उघडा होता. पीठ रगडत असताना हाकेच्या अंतरावरच्या पारावरून अण्णांचा आवाज ऐकू येत होता; कान कमी झाल्यापासून ते सगळंच मोठ्यानं बोलतात. ते कोणाला तरी सांगत होते, "चाळीस नाय, अकरा. पर सगळे तिचं ऐकायचे."